चार व्होल्ट

रणनवरेंची झेन हालोलच्या रस्त्यावर
जरोद ओलांडलं की बंद पडते.
अर्धा तास सावलीत उभी केली
की काही झालंच नव्हतं अशी चालू होते.
गॅरेजपर्यंत तर कायम
शहाण्या पोरीसारखी येते.
“बेन, तुमच्यासमोर नाटक करते ती,” रणनवरे म्हणतात.

दोन पंप बदलून झालेत त्यांचे.
कुणीतरी पंधराच्या जागी तीसचा फ्यूजही टोचलाय,
खबरदारी म्हणून.
तीसचा फ्यूज म्हणजे झोपलेला वॉचमन.
काढला. खिशात टाकला.

मे महिना. आजवा रोडवर पत्र्याखाली
पाना हातात धरवत नाही.
मागची सीट उपसली. तिच्याखाली हेअरपिन,
पावागडच्या प्रसादाची पुडी, लहान मुलाचा एक मोजा,
रुपया. रुपया त्यांना दिला.
मोजा कुणाचा, ते त्यांना आठवेना.

पंप चालू ठेवून मीटर लावला.
बॅटरीवर बारा पॉइंट चार.
पंपावर आठ पॉइंट चार.
चार व्होल्ट रस्त्यात कुठेतरी खर्च होतायत
आणि हिशेब कुणी देत नाही.

मग एकेक टप्पा.
फ्यूजपासून रिलेपर्यंत काही नाही.
काळी वायर, बॉडीला कसलेली. आम्ही तिला अर्थ म्हणतो.
अर्थ घासून पाहिला. अर्थाला काही झालं नव्हतं.
रसिकभाई म्हणायचे, निवांत असताना
सगळ्याच वायरी खरं बोलतात.
भार टाक, मग विचार.
रिलेपासून मागे, दाराच्या पट्टीखाली,
आकडा तीन पॉइंट नऊवर जाऊन बसला.

गालिचा उचलला. करपलेला, गोडसर वास.
वीतभर वायरीचं कातडं बिस्किटासारखं
बोटांत मोडलं.
मधोमध जोड. जाड वायरीत बारीक निळी,
दारातल्या दिव्याला लावतात तसली,
नुसती पिळलेली.
फ्यूज उडणार कसा? प्रवाह जास्त नव्हताच.
फ्यूजला जास्तीचं कळतं,
अडलेलं कळत नाही.

सहा अँपिअर गुणिले चार. चोवीस वॉट.
माझं सोल्डरिंग पंचवीसचं आहे.
म्हणजे कुणीतरी गालिच्याखाली
सोल्डरिंग चालू ठेवून निघून गेलं होतं,
फक्त सोल्डर करायचं विसरून.

टेप सोडवू लागले. सुटेना.
उलटी फिरवली, सुटली.
गुंडाळी डावखुऱ्या हाताची,
टोक दुमडून ठेवलेलं,
पुढच्याला काढायला सोपं जावं म्हणून.
आमच्या रस्त्यावर असा हात एकच आहे.
तो मी शर्टाला पुसला.

अकरा वर्षं झाली असतील.
तरसालीची आयटीआय नुकती संपलेली,
रसिकभाई जेवायला गेलेले, गाडी पांढरी,
मालक कोण, विचारलंही नसेल.
जाड वायर संपली होती. निळी होती.
संध्याकाळपुरतं, असं मीच मला म्हटलं असणार.

रणनवरे शेवउसळ घेऊन आले, दोन प्लेटी.
“सापडलं?”
“सापडलं.”
“कुठल्या गाढवानं केलं होतं?”
तर्रीवर शेव मऊ पडत होती.
मी डावा हात वर केला,
वर्गात करतात तसा.

त्यांनी हाताकडे पाहिलं. मग प्लेटीकडे.
पाव मोडला.
“बरं,” म्हणाले, “आधी खाऊन घे.”

अडीच स्क्वेअरची नवी वायर टाकली.
सोल्डर, वर स्लीव्ह. पंधराचा फ्यूज.
पाऊण तास इंजिन चालू ठेवून
दोघं पत्र्याखाली बसलो, फारसं न बोलता.
मग जोडावर बोट ठेवलं.
बोटाहून गरम नव्हता.
तरी ठेवलंच थोडा वेळ.