सुकती

कर्लीच्या खाडीत कयाक वाळूला टेकली.
बस्त्यावने वल्हं आडवं ठेवलं, विडी पेटवली.
"सुकती लागली. आता दीड तास."

मी अलिबागकडचा. आमच्याकडे शनिवारी
किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते,
घोडागाड्या, पॅरासेलिंग, लिंबूसरबताला रांग.
इथे तिवरांतून एक खंड्या
बघतोय आमच्याकडे, तेवढंच.

चिखलात काहीतरी तिरकं पळालं.
"चिंबोरी," मी म्हणालो.
"कुर्ली," तो.
दोघेही जरा हट्टाने.
ती थांबली नाही ऐकायला.

"लोक हयसून सरळ गोव्याक जातत,"
तो धुरातून हसला. "बरा आसा."
मग बऱ्याच वेळाने:
"तू पण कोणाक सांगू नको."

पाणी आलं तेव्हा आवाज नव्हता,
नुसती बसल्या जागी
होडी थोडी हलकी झाली.