दोन किलो शंभर

ग्वार्दात माझं बॅगांचं दुकान आहे,
चर्चच्या मागे, उताराच्या मध्यावर.
सगळं गाव ग्रॅनाइटचं,
हात लावला तर ऑगस्टमध्येही गार.

गिऱ्हाईक दारातूनच विचारतं,
चाकांची घेऊ की बिनचाकांची?
मी पाठ केलेलं म्हणून दाखवतो :
विमानतळाच्या फरशीवर चाकं लोण्यासारखी.
आमच्या गल्लीत मात्र
तुम्ही आणि तुमचं नशीब.

काल एर्मेलिंदा आली.
वय चौऱ्याहत्तर, उजवा खांदा डॉक्टरांनी दोनदा उघडलेला.
मुलाकडे निघालीय, लक्झेंबर्गला, आठ दिवस.
बॅग सोबतच न्यायची, वजन आठ किलो,
तिकिटावर तळाशी मुंगीच्या अक्षरात लिहिलंय.
तिने पर्समधून ताणकाटा काढला,
चेस्टनट तोलायचा, गंजका,
आणि माझ्या रिकाम्या बॅगा
एकेक टांगून पाहू लागली,
बाजारात कोंबडी उचलून पाहावी तशी.

चाकांची : दोन किलो आठशे.
कापडी, नुसते बंद असलेली : सातशे ग्रॅम.

"म्हणजे दोन किलो शंभर चाकांच्या घशात.
दोन किलो शंभर म्हणजे
अख्खी पिशवी चेस्टनट, वर मूठभर.
चाकं काय नातवाला भाजून घालू?"

आणि खांदा? मी विचारलं.

"खांद्याचं वजन अजून कोणी करत नाही."

मी गप्प बसलो.
धंद्यात हे मी फार उशिरा शिकलो.

तिने कापडी बॅग डाव्या खांद्याला अडकवली,
आरशासमोर उभी राहिली,
आणि राहिलीच.

"अबिलियुची अशीच होती," म्हणाली.
"एकाहत्तर साल. परवाना नाही, काही नाही.
स्पेनचे डोंगर रात्रीचे तुडवत फ्रान्सला.
आमचा एकच फोटो होता, तो मधोमध फाडला.
माझा अर्धा त्याच्या मोज्यात,
त्याचा अर्धा माझ्याकडे पिठाच्या डब्यात.
सुखरूप पोचला की त्याने पाठवायचा,
मग मी वाटाड्याचे उरलेले पैसे द्यायचे."

बाहेरून कोणाची तरी गाडी गेली.
मी उगाच एका बॅगेची चेन लावली, उघडली.

"मी खिडकीशी कान लावून बसले होते.
पाऊल वाजलं नाही, कडी वाजली नाही.
तो गेला कधी, मला कळलंच नाही रे.
सात आठवड्यांनी पाकीट आलं,
तेव्हा गेला असं धरलं."

मग तिने बंद खांद्यावरून उतरवला,
नीट घडी घातली, जशी बॅग तिचीच होती,
आणि चाकांच्या बॅगेकडे बोट केलं.
ती लाल? नाही, तिच्याशेजारची.
सर्वांत जास्त खडखडते ती.

आणि चेस्टनट?
"मुलगा म्हणतो, तिकडेही मिळतात."
हे तिला अजिबात पटलेलं नव्हतं.
पैसे मोजून दिले, एक नाणं जास्तच,
परत घेतलं.

आज पहाटे पाचला जाग आली.
दगडांवरून चाकं येत होती,
दात वाजावेत तशी, पायरी पायरीने.
वरच्या मजल्यावरच्या फेलिस्मिनाने खिडकी उघडली,
"कोण मेलं निघालंय एवढ्या रात्री?"
समोरचा कुत्रा भुंकला, त्याला खालचा जोडीला.
कोणी दिवा लावला, कोणी शिवी हासडली.
"मी! मी निघालेय!" ती गल्लीत उभी राहून ओरडली,
"एर्मेलिंदा!"
जणू कोणाला ठाऊक नव्हतं.

वळणावर आवाज थांबला.
उठून जावं का, बॅग धरायला?
चपला शोधेपर्यंत
पुन्हा सुरू झाला, खाली, बसथांब्याकडे.
मी काठावर बसून ऐकत राहिलो,
संपला कुठे ते नेमकं सांगता येत नाही.

दुकान उघडलं तर
ताणकाटा गल्ल्यापाशीच राहिलेला.
आकडीला बोट अडकवून ओढलं :
चारशे. सहाशे.
सोडलं.