पुरावा

तिकीट दहा रुपये. पावतीबुकातला कार्बन संपलेला,
म्हणून इसहाक होडेकर दोनदा लिहितात,
एक मला, एक स्वतःला.

खाडीकाठची मिठाची जुनी वखार ही.
दारावर पाटी: लाकडी नौकाबांधणी संग्रहालय, सोमवारी बंद.
आत काचेमागे किंकरं, सामता, वाकस,
पटाश्या उंचीप्रमाणे, प्रार्थनेच्या रांगेत उभ्या.
‘हा वाकस आमचा नव्हे,’ ते हळूच सांगतात,
‘आमचा गेला चोरीला. उद्घाटनाला साहेब यायचे होते,
बाजारातून आणला.’

नकाशे कुठायत? मी विचारते.
ते उजवा हात पुढे करतात,
कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत.
‘बाबांचा हात दोन बोटं लांब होता.
म्हणून माझे मचवे जरा आखूड.’

आणि वाक मिळवायला आजोबा
आठ आठ दिवस रानात हिंडायचे,
सरळ झाडाकडे ढुंकूनही न बघता.

वखारीच्या मधोमध, टेकूंवर, शेवटचा मचवा.
फटीफटीत कापूस ठोकून झाला,
उंडीचं तेल पाजून झालं,
आणि शेटने फायबरची होडी घेतली.
खाली छापील अक्षरांत:
‘ही नौका कधीही पाण्यात उतरली नाही.’

मी मोठ्याने वाचते.
ते तुळईकडे बोट दाखवतात.
लाकडावर हिरव्या रंगाचा ओरखडा, वीतभर.

‘त्या जुलैत नदी रात्री दोनला आत आली.
मी माळ्यावर, हातात बॅटरी.
काचा फुटल्या, पटाश्या बुडाल्या.
आणि हा उठला.
म्हातारं माणूस उठतं ना, आधी एका कुशीवर,
तसा.
पहाटेपर्यंत फिरत होता चार भिंतींत.
नाळ तिथं लागली.’

आणि मग?

‘पाणी ओसरल्यावर शिडी लावून आत उतरलो.
धुळीत माझीच आदल्या दिवशीची पावलं.
कोरडी.’

पाटी बदलून घ्या की.

‘अर्ज केलाय खात्याला.
पुरावा जोडा म्हणतात.’

ते पुन्हा पावतीबुकाकडे वळतात.
माझ्या पावतीवरची तारीख चुकली होती,
ती खोडून, सही करून देतात.

जेटीवर तर उभी. फायबरची, पिवळी,
तळाशी चार बोटं पाणी
आणि त्यात तरंगणारा तेलाचा डबा.
‘एवढं असतंच,’ पोरगा म्हणतो, इंजिनाची दोरी ओढत.
मी चपला हातात घेते.