शेवटची सायकल

पहाटे साडेपाच. साखळीच्या बाजारात आम्ही सातजण.
हेल्मेटं, बाटल्या, वेलची केळी,
आणि क्रिझांतच्या पिशवीत आईने फडक्यात गुंडाळून दिलेला दोदोल.
झिलूमामा सर्वांत पुढे.
मी सर्वांत मागे, कारण मी तशीच आहे,
पंगतीत, बँकेत, चढावर.

नियम एकच, झिलूमामाने घातलेला:
पुढच्याला जे दिसेल ते त्याने मागच्याला ओरडून सांगायचं.
फोंड!
तो म्हणतो, मग फेर्मिना, मग डॉक्टर काणेकर,
फोंड, फोंड, फोंड,
आणि शब्द माझ्यापर्यंत पोचेतो
माझं पुढचं चाक त्यात जाऊन आलेलं असतं.

केरी मागे पडली.
अंजुण्याचं पाणी धुक्याखाली कूस बदलत होतं.
मग रस्ता मागच्या पायांवर उभा राहिला
आणि बोलणी बंद झाली.
चोर्ल्याचा घाट बाकी काही मागत नाही,
फक्त तुम्ही आजवर बाळगलेली सगळी हवा.
बेळगावहून भाजीचा ट्रक उतरला,
कोबीचं एक कुजकं पान माझ्या चाकाला चिकटून
दोन वळणं फिरत राहिलं
टप, टप,
तेवढीच सोबत.

हाच रस्ता झिलूमामा सव्वीस वर्षं हाकत होता,
कोबी, कांदे, गाजरं, रात्री दोनचा डिझेलचा वास.
ट्रक विकला, गुडघे राहिले.
गुडघ्यांवर काणेकरांनी सायकल लिहून दिली,
सकाळी एकदा, जेवणाआधी.
आता म्हणतो, या घाटात पक्षी आहेत
हे मला कुणी सांगितलंच नाही.
वरून धनेश गेला तेव्हा
पंखांचा तो घरघरता आवाज ऐकून
त्याने सवयीने
डावीकडे बाजू दिली.

एका वळणावर तो उतरला.
बुटाची नाडी बांधतो, म्हणाला, तुम्ही व्हा पुढे.
सगळे गेले.
मी पोचले तेव्हाही तो तिथेच,
कठड्याला हात लावून उभा.
त्याच्या पायांत चपला होत्या.
मी काही बोलले नाही. श्वास तरी कुठे होता बोलायला.
दरीत किंदळीची झाडं, त्यांच्याखाली झाडं,
त्यांच्याखाली न दिसणारं वाहतं काहीतरी.

सुर्लाला गरम भजी, फोटो,
कुणाच्या तरी मोबाइलवर चढाचा आलेख:
एक निळी रेघ, पोटात काहीही नसल्यासारखी.

उतरताना वारा कानांत कोंबला जात होता.
फोंड! गाडी! वाळू! म्हशी!
शब्द ओघळत येत होते एकामागून एक,
आणि मग पुढून, त्याच सुरात:
बाबल!
फेर्मिनाने तसंच मागे दिलं, बाबल!
डॉक्टरांनी, बाबल!
क्रिझांतने तर डावा हात खाली सोडून
खड्ड्याला करतात तशी खूणही केली.
कोण, काय, कुणी विचारलं नाही.
उतारावर विचारत नाहीत,
हातात आलं ते मागे देतात.

माझ्यापर्यंत आलं तेव्हा मी ब्रेक दाबले.
रस्ता गुळगुळीत होता.
नवं डांबर, पांढरा पट्टा,
कठड्याचे चार दगड
बाकीच्यांइतके जुने नाहीत.
माझ्यामागे कुणीच नव्हतं.
तरी मान वळवली,
आणि मोठ्याने म्हटलं.
माझा आवाज एवढा आहे
हे मलाही नवीन होतं.

केरीत चहा.
झिलूमामा कपात चमचा फिरवत राहिला,
साखर केव्हाच विरघळली होती.
‘पाना मागितला की पक्कड द्यायचा,’ तो म्हणाला,
कुणी काही विचारलेलं नसताना.
‘क्लीनर म्हणून शून्य. पण गात बरा असे.’
फेर्मिनाने बशी त्याच्याकडे सरकवली.
बाहेर कुणाच्या तरी टायरमधून
हवा बारीक शीळ घालत निघून जात होती.

मग क्रिझांतने दोदोल कापला,
बोथट सुरीने, सात तुकडे, एकही सारखा नाही.
मला सर्वांत लहान,
कारण मी शेवटची.
पण कडेचा होता तो,
खरपूस, किंचित करपलेला,
केरी सुटेपर्यंत दातांत राहिला.