पत्र्याचे आकडे

उद्या दोन गोलांनी जिंकलो तर बाद फेरी.
एका गोलानं जिंकलो, तर हैदराबादनं हरायला हवं,
तेही घरच्या मैदानावर.
म्हणजे नाहीच.
हे गणित रुझारनं सिगरेटच्या पाकिटावर मांडलं
आणि पाकीट इनासच्या बारमध्ये टेबलाटेबलांवरून फिरलं,
भज्यांच्या तेलाचे डाग घेत घेत.

मार्च. उरक नुकताच उतरलेला.
पेडेंच्या मैदानाकडून टँकरची घरघर.
मी फलकवाला. तेवीस वर्षं
पत्र्याचे आकडे टांगतो, उतरवतो.
किती झाले ते मी सांगतो.
का झाले, ते ह्यांना विचारा.

कायतान म्हणाला, जिंकूच नका.
सगळ्या खुर्च्या वळल्या.
"जिंकलात की भाव वाढला, भाव वाढला की विकला.
घाटापलीकडचा तो बिल्डर चेक लिहून बसलाय.
त्याच्याकडे निळं टर्फ आहे, दिवे आहेत,
चारशे गाड्यांचं पार्किंग आहे.
नाही तो फक्त संघ."

"आणि हरून काय ठेवशील?"
सुरंगा टीचर सहसा उभ्यानंच सोडा पिऊन जातात,
आज बसल्या.
"अस्नोड्याच्या बावीस पोरी आणते मी, कदंबाच्या बसनं.
त्यांना काय सांगू?
हरा बायांनो, म्हणजे इथं राहता येईल?"

कायतान ग्लासातल्या लिंबाच्या बिया
बोटानं काढत राहिला.

कुणीतरी दामू टेलरला छेडलं:
जर्सीवरचं म्हापसा उसवून दुसरं गाव शिवायला किती घेशील?
"शिवायचे नेहमीचेच," दामू म्हणाला,
"उसवायचे दुप्पट."
हसले सगळे. मग एकदम कुणीच हसेना.

तेवढ्यात सिप्रियन टोप्पो आला, ओल्या केसांचा,
आमचा सेंटर हाफ, सुंदरगडचा.
दोन भजी-पाव सांगितले.
त्याच्यासमोर हा विषय काढू नये असं ठरलं होतं,
रुझारनं काढलाच:
संघ घाटावर गेला तर तू जाशील रे?
त्यानं आधी घास गिळला.
"जिथं टर्फला पाणी मारतात, तिथं."

आमचा संघ, आमचा संघ म्हणतो आम्ही.
सहाजण ओडिशाचे, दोघे कूर्गचे,
कोच जालंधरचा, त्याला आमची उकडी भात पचत नाही.
गोलकीपर तेवढा थिवीचा.
तरी चोर्ल्याच्या वळणांवरून चढणारी ती बस
डोळ्यांपुढे आली की
माझ्याच पोटात ढवळतं, उलटीच्या पिशव्या आठवतात.

कायतानचे दोन्ही मुलगे स्विंडनला.
त्यांना कुणी जाऊ नका म्हणालं नाही.
विमानतळावर बॅगा ह्यानंच उचलल्या.
हे मी बोललो नाही. फलकवाल्यानं बोलू नये.
निघताना सिप्रियनच्या भजी-पावाचे पैसे
कायताननं दिले, आणि इनासला खूण केली,
सांगू नको.

मागच्या आठवड्यात कंपनीचा माणूस येऊन
यादी करून गेला:
काठ्या, नेट, बर्फाची पेटी, दोन स्ट्रेचर,
टँकरवाल्याची थकबाकी.
आकडे यादीत नाहीत.
ते माझे. काजूतेलाच्या रिकाम्या डब्यांतून
मीच कापलेले, मीच रंगवलेले.
आठचा पत्रा एका वादळात गेला,
नऊ मी केलाच नव्हता, सहा उलटा टांगेन म्हटलं,
कधी वेळच आली नाही.

रात्री स्टँडखालच्या खोलीत दिवा लावला.
दोनवर गंज होता. रॉकेलनं पुसला.
मग हातात फडकं होतंच, म्हणून
शून्यही पुसलं.

सामना साडेचारला.
शिडीची दुसरी पायरी निसटते,
ती काथ्यानं घट्ट बांधून ठेवलीय.