मागून जाणारा माणूस

सिनेमात मी दोनदा दिसतो.
एकदा खांद्यावर जाळं घेऊन जाताना,
एकदा तेच जाळं घेऊन परत येताना.
जाळं विठोजी टिकमाचं.
मी टॉवरचा जनरेटर बघतो. डिझेल, फ्यूज,
रजिस्टरवर सही.
दिग्दर्शक म्हणाला, चेहरा बरा आहे, खारलेला.

खाडीपलीकडून, कुठेही कॅमेरा लावा,
टॉवर मध्ये येत होता.
म्हणून त्याला झावळ्या बांधल्या,
चौदा माणसं, दोन दिवस, सातशे रोज.
माड म्हणून तो कुणालाच पटला नाही,
कावळे सोडून.
संध्याकाळी सगळं युनिट त्याच माडाखाली
हात वर करून उभं. रेंजसाठी.

गोष्ट अशी, की नायक शहराला विटतो.
हप्त्यांचे कागद गॅसवर धरतो,
एकोणिसाव्या मजल्यावरून लॅपटॉप सोडतो,
साहेबाच्या टेबलावर चढून जे करतो
तेवढ्यापुरता सरपंचांनी
प्रोजेक्टरपुढे हात धरला.
हात लहान पडला.

मग तो आमच्याकडे येतो, मोकळा व्हायला.
फोन समुद्रात भिरकावतो.
अकरा वेळा भिरकावला.
दर वेळी आग्नेलचा पोरगा बुडी मारून वर आणायचा,
बुडीला शंभर.
बाराव्यांदा चुकून स्वतःचाच फेकला गेला
आणि ओहोटीला लागला.
नायक वाळूत बसला. जो रडला!
आईचा नंबर पाठ नाही, म्हणत होता,
कुणाचाच पाठ नाही.
ते मात्र सिनेमात घेतलेलं नाही.

परवा बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीवर दाखवला.
खुर्च्या मंडपवाल्याच्या, बाकीचे क्रेटवर.
नायकाने हातोडा उचलून वॉशिंग मशीन फोडली
तशी शेवंती कुबल उभीच राहिली :
"मोडतंस कित्याक रे मेल्या? चालू आसा मां ती?"
सगळे हसले.
ती खाली बसली,
हात पदराखाली घेतले.
दिवसभर कोळंबी सोलली होती तिने.

शेवटी तो उघडा होऊन पाण्यात शिरतो,
मागे वळून म्हणतो, हेच खरं जगणं.
त्याच्या पाठीमागून मी जातो.
कुठे, ते मलाही सांगितलं नव्हतं.
भाचा कांजूरमार्गहून फोनवर :
मामा, थेटरात ओरडलो मी, तो बघा माझा मामा!
मग?
मग काही नाही. पुढच्याने शूः केलं.

झावळ्या अजून वरच आहेत, वाळून करकरतात.
कंपनीचे तीन मेसेज आले, तातडीने उतरवा.
काल चढलो, कोयता घेऊन.
अर्ध्या वाटेवर घरटं. काटक्या, तार,
शूटिंगचा निळा चिकटपट्टीचा तुकडा,
आणि त्यात चार.
कावळीने डोक्यावर दोन टोचे मारले.
उतरलो. रजिस्टर उघडलं,
दिनांक घातला, शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं :
अंडी आहेत. सवडीने बघू.
खाली सही केली,
पूर्ण नावाची.