बांध, स्लाइड क्रमांक चार

सरपंचांनी शुक्रवारी सांगितलं,
रविवारच्या ग्रामसभेला सात स्लाइडी हव्यात,
त्यात खाजनाचा नकाशा, "आणि जरा नीटनेटकं, वंदना."
नीटनेटकं मला येतं.
शिरोड्याच्या पंचायतीत अकरा वर्षं मी तेच करते.

आधी एक आयत ओढला. तो निळाच येतो,
न विचारता, गडद कड लावून,
जन्मतः सगळं निळं असतं
असं त्याला कुणी शिकवलंय कोण जाणे.
फिलमध्ये जाऊन हिरवा केला. हे कोरगुटाचं शेत.
खाली फ्रीफॉर्मने जाड रेघ, तपकिरी. हा बांध.
मधोमध उलटा समलंब. ही मानस.
आणि सगळ्यांच्या मागे, सेंड टू बॅक करून, जुवारी:
लांबलचक पट्टा, दोन्ही टोकं स्लाइडच्या बाहेर.
चहा प्यायले. छान दिसत होतं.

इनासबाब दाखल्यासाठी आलेले.
पोटऱ्यांपर्यंत वाळलेला चिखल,
तीस वर्षं मानशीची फळी वरखाली करणारा माणूस
माझ्या खुर्चीमागे उभा राहून बघत होता.
"बायो, हो खंयचो बांद?"
आपलाच, म्हटलं.
"आपलो असो सरळ ना गो."

मग राइट क्लिक. एडिट पॉइंट्स.
रेघेवर काळे ठिपके उठले,
गुळाला मुंगळे लागावेत तसे.
ते सांगत गेले, मी ओढत गेले.
इथं तिवरं आहेत, बांध आत वळतो.
इथं कुर्ल्यांची बिळं, दरवर्षी माती टाकतात,
म्हणून पोट सुटलेलं.
इथं कामिलने जांभे लावले, तेवढं कोपऱ्यासारखं;
ठिपक्याला सांगावं लागतं, गुळगुळीत की टोकदार.
टोकदार.
प्रत्येक ठिपक्यातून दोन दांड्या निघत,
सुंगटाच्या मिशांसारख्या,
एक मिशी ओढली की अर्धा बांध कूस बदलायचा.

"आनी हांगा फुटलो," ते म्हणाले.
चवथीच्या आधी. बारा हात.
मी तो ठिपका निवडला, डिलीट केला.
शेजारचे दोन ठिपके एकमेकांना जाऊन मिळाले,
बांध पहिल्यापेक्षा धड.
इनासबाब हसले, दात नसलेल्या बाजूने:
"हें यंत्र आमकां दी. फळी तूं धर."

मोडण्यासाठी वेगळी जागा असते,
दोन ठिपक्यांच्या मधे, रेघेवरच.
सापडायला वीस मिनिटं गेली.
रेघ तुटली.
शेत मात्र तसंच हिरवंगार,
उशाशी काही झालंच नाही असं.
"उदक खंय?"

जुवारीची कड धरून शेताखाली सरकवली,
शेताची ट्रान्सपरन्सी वाढवत नेली,
वीस, चाळीस, पासष्ट.
हिरव्यातून नदी वर यायला लागली.
"पुरो."
ते आकड्याला म्हणाले की नदीला,
मी विचारलं नाही.

सव्वापाचला भरती. ते निघाले,
दाखला टेबलावरच विसरून.
जाताना फुटलेल्या जागी बोट टेकवून गेले,
हांगा, बारीक दाखोवं नाका.

लाइट लावल्यावर दिसलं,
स्लाइडवर एक तपकिरी टिंब जास्त आहे.
कधी काढलं आठवेना. क्लिक केलं,
भोवती हँडल उठली नाहीत. पुन्हा केलं.
पूर्ण स्लाइड निवडून सिलेक्शन पेन उघडला,
यादीत आयत, रेघ, समलंब, पट्टा. बाकी कुणी नाही.
मग नखाने खरवडून बघितलं,
आणि अर्ध्यावर थांबले.

रविवारी भिंतीवर सगळं आलं, रंग जरा फिके.
सरपंच म्हणाले, नीटनेटकं आहे,
नदी तेवढी शेतात कशी घुसलीय?
मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, नेमका कुठे फुटला?
प्रोजेक्टर पंचायतीचा, स्क्रीन माझा ऑफिसात.
मी उठले, उजेडात गेले,
बांध माझ्या साडीवर पडला,
आणि भिंतीवर बोट टेकवलं.